वेरवोल्फ: एका जर्मन समासाची कुळकथा

ख्रिस्टियान मॉर्गनश्टेर्न या जर्मन कवीची एक मिस्कील कविता आहे. एक वेरवोल्फ, म्हणजे लोककथांमधला तो माणसाचा लांडगा होणारा प्राणी, एका रात्री बायकोपोराला सोडून गावच्या दिवंगत शाळामास्तरांच्या थडग्यापाशी जातो आणि हात, म्हणजे पंजे, जोडून विनवतो, "गुरुजी, मला चालवून दाखवा." चालवणं म्हणजे आपण संस्कृतच्या तासाला रामः रामौ रामाः चालवायचो तसं. गुरुजी थडग्यातून वर येतात आणि सुरू करतात: देर वेरवोल्फ, देस वेसवोल्फ्स, देम वेमवोल्फ, देन वेनवोल्फ. लांडगा खूश होतो आणि म्हणतो, आता अनेकवचनही होऊन जाऊ द्या. तिथे मात्र गुरुजी अडतात. लांडगे पुष्कळ असतात हो, पण 'वेर' एकवचनातच चालतो! बायकोपोर असलेल्या लांडग्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तो काही पंडित नसतो, तेव्हा आभार मानून निघून जातो.

विनोद कळायला एवढं पुरे, की आजच्या जर्मनमध्ये 'वेर' म्हणजे 'कोण'. वेर, वेम, वेन म्हणजे कोण, कोणाला असं ते चालतं, आणि त्याला अनेकवचन खरंच नाही. गुरुजींनी वेरवोल्फचा विग्रह 'कोण-लांडगा' असा केला आणि लांडग्याऐवजी त्या 'कोण'ला विभक्ती लावल्या. व्याकरण म्हणून हे साफ चूक आहे, कारण जर्मन समासात प्रत्यय शेवटच्या पदाला लागतात. वेरवोल्फचं सरळ अनेकवचन 'वेरव्यॉल्फे' होतं, आणि ते कुठल्याही जर्मन मुलाला येतं. पण कवीला एक गोष्ट नेमकी सापडली होती. जर्मन माणूस हा शब्द रोज बिनदिक्कत वापरतो, त्यातला लांडगा त्याला दिसतो, पण पुढचा 'वेर' कोण हे ऐकून त्याला सांगता येत नाही.

हा 'वेर' म्हणजे 'पुरुष'. 'कोण' अर्थाच्या 'वेर'शी त्याचं काही नातं नाही. तो दुसरा 'वेर' आपल्या संस्कृत 'कः'च्या आणि मराठी 'कोण'च्या कुळातला. पुरुष अर्थाचा 'वेर' जर्मनमध्ये स्वतंत्र शब्द म्हणून कधीच मेला आणि त्याची जागा 'मान'ने घेतली. इंग्रजीतही तेच झालं. जुन्या इंग्रजीत 'वेर' म्हणजे पुरुष, 'वीफ' म्हणजे स्त्री आणि 'मान' म्हणजे माणूस, मग तो स्त्री असो की पुरुष. पुढे 'मान' हळूहळू पुरुषाकडे सरकला, आणि तेराव्या शतकाच्या आसपास 'वेर' वापरातून गेला. 'वीफ' बिचारी आकसून 'वाइफ' झाली.

एकटा शब्द मरतो, पण समासात अडकलेला मरत नाही. मराठीत पाहा: 'कपडालत्ता' आपण सर्रास म्हणतो, पण 'माझा लत्ता कुठे आहे' असं कुणी म्हणत नाही. जोडीदाराने धरून ठेवल्यामुळे तो टिकला. वेरवोल्फमधला 'वेर' असाच टिकला, फक्त ओळख गेली. ओळख गेलेल्या शब्दाचं काय होतं, ही या लेखाची खरी गोष्ट. पण त्याआधी त्याचं घराणं बघून घेऊ, कारण त्यातले काही नातलग आपल्या घरचे आहेत.

लॅटिनमध्ये पुरुषाला 'विर' म्हणतात. जुन्या आयरिशमध्ये 'फेर', गॉथिक या जर्मन कुळातल्या जुन्या भाषेत 'वाइर', लिथुआनियनमध्ये 'वीरास', पारशांच्या अवेस्तामध्ये 'वीर', आणि संस्कृतमध्ये अर्थातच 'वीर'. आपण वीर म्हटलं की तलवार दिसते, पण ऋग्वेदात 'वीर' म्हणजे कधी नुसता पुरुष, कधी पराक्रमी पुरुष, कधी मुलगा. लॅटिनमध्येही 'विर'पासून 'विर्तुस' झाला, म्हणजे आधी मर्दपणा, मग शौर्य, मग सद्गुण. इंग्रजीतला 'व्हर्च्यू' तिथून आला.

आता एक दैनंदिन शब्द घ्या: वैर. संस्कृतात 'वीर'ला वृद्धी होऊन 'वैर' होतं, म्हणजे वीरासंबंधीचं. त्यातून शत्रुत्व कसं आलं? याचं उत्तर जुन्या धर्मसूत्रांत मिळतं. आपस्तंब धर्मसूत्र सांगतं, की क्षत्रियाला मारलं तर 'वैरयातनार्थ' १००० गाई द्याव्यात, वैश्याला मारलं तर १००, शूद्राला मारलं तर १०, आणि प्रत्येक वेळी वर एक बैल. वैरयातन म्हणजे वैराची फेड. एका माणसाच्या जिवाबद्दल दुसऱ्या बाजूला जे देणं लागतं, ते देऊन टाकायचं आणि सूडाचा फेरा थांबवायचा. माणूस मारल्याने उभं राहिलेलं देणं-घेणं तेच वैर. देणं फिटलं नाही तर जे उरतं तेही वैरच, आणि मराठीत आपल्यापाशी हा दुसरा अर्थ तेवढा राहिला.

जर्मन टोळ्यांच्या कायद्यात याचीच जोड मिळते. तिथे या भरपाईला 'वेरगेल्ड' म्हणतात: वेर म्हणजे पुरुष, गेल्ड म्हणजे देणं. (आजच्या जर्मनमध्ये 'गेल्ड' म्हणजे रोकडा पैसा.) फ्रँक लोकांच्या सालिक कायद्यात स्वतंत्र फ्रँक माणसाच्या जिवाची किंमत २०० सॉलिडी होती, राजाच्या पदरी असलेल्याची ६००, आणि जमीनदार रोमन माणसाची १००. गाई काय आणि सोन्याची नाणी काय, माणसाच्या जन्मावरून त्याचा भाव ठरवण्यात दोन्हीकडचे शास्त्रकार सारखेच पटाईत. १९व्या शतकातल्या जर्मन संस्कृतज्ञांना वेदातला हा व्यवहार लगेच ओळखू आला, तो याचमुळे.

'वेर' आणखी एका शब्दात दडला आहे, आणि तिथे तो इतका पूर्ण लपला आहे की समास आहे हेच कळत नाही. जग या अर्थाचा जर्मन शब्द 'वेल्ट'. हजार वर्षांपूर्वी तो 'वेराल्ट' होता: वेर म्हणजे पुरुष, आल्ट म्हणजे वय, काळ. माणसाचा काळ, मनुष्याचं युग. भिक्षू लोक लॅटिनमधल्या 'सेकुलुम'साठी, म्हणजे युग किंवा इहलोक यासाठी, हा शब्द वापरत. मग वेराल्टचं वेर्ल्ट झालं, वेर्ल्टचं वेल्ट. इंग्रजीतला 'वर्ल्ड' त्याचाच भाऊ, त्याने 'र' आणि 'ल' दोन्ही जपले. आपल्या 'देवकुल'चं देऊळ आणि 'राजकुल'चं राऊळ झालं ते असंच. देवळात जाताना कुणाला समास आठवतो? त्यामुळे जर्मन माणूस विश्वचषक जिंकून 'वेल्टमाइस्टर' होतो तेव्हा त्याच्या बिरुदात एक वीर गुपचूप उभा असतो.

झालं वेरचं. आता वोल्फ.

लांडग्याला संस्कृतात वृक म्हणतात. मराठीत हा शब्द व्यवहारात नाही, पण महाभारतामुळे माहीत आहे: भीमाचं नाव वृकोदर, लांडग्यासारखं कधी न भरणारं पोट असलेला. वृक आणि वोल्फ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत असं सांगितलं की पहिल्यांदा पटत नाही. सुरुवातीचा 'व' सोडला तर सारखं आहे काय? इथे भाषाशास्त्राची पद्धत समजून घ्यायला हवी. ती 'ऐकायला सारखं वाटतं' यावर चालत नाही. उलट, दोन भाषांतले फरक दरवेळी एकाच नियमाने पडतात का, ते ती पाहते.

वेगवेगळ्या भाषांतले लांडगे ओळीत उभे करू. लिथुआनियन 'विल्कास'. रशियन 'वोल्क'. अवेस्तामध्ये 'वेह्र्क', आणि आजच्या फारसीत 'गुर्ग'. ग्रीक 'ल्युकोस'. गॉथिक 'वुल्फ्स'. लॅटिन 'लुपुस' हा बहुतेक अभ्यासकांच्या मते शेजारच्या इटालिक बोलीतून उसना घेतलेला आहे, म्हणून त्याला जरा बाजूला ठेवू. या सगळ्यांवरून मूळ शब्द 'वॢक्वोस' असा काहीसा असावा असं मांडतात. त्यातला 'ऌ' आपल्या ओळखीचा आहे. वर्णमालेत ऋ नंतर येणारा आणि मराठीत फक्त 'कॢप्ती'पुरता उरलेला तो हाच. संस्कृतने अशा बऱ्याच जागी ऌ सोडून ऋ घेतला आणि वॢक्वोसचा वृक झाला. लिथुआनियन, रशियन, ग्रीक आणि जर्मन यांनी 'ल' टिकवला.

आता इंटरनेटवर हमखास भेटणाऱ्या एका दाव्याबद्दल: जर्मन शब्द संस्कृतातून गेले. या शब्दापुरता हा दावा तपासून पाहणं सोपं आहे. संस्कृतात वृक झाला तेव्हाच त्यातला 'ल' गेला. वोल्फ जर वृकापासून निघाला असता तर त्यात 'ल' आला कुठून? बरं, एकट्या जर्मनला नव्हे, तर लिथुआनियन, रशियन आणि ग्रीक या सगळ्यांना तोच 'ल' नेमका त्याच जागी कसा सापडला? एकच उत्तर उरतं. हे सगळे शब्द बहिणी आहेत, आई निराळी होती, आणि ती आज कुठेही बोलली जात नाही. 'वीर'मध्ये उलट बाजूने हेच दिसतं. संस्कृत आणि लिथुआनियनमध्ये 'ई' दीर्घ आहे, लॅटिन, आयरिश आणि जर्मन शाखेत ऱ्हस्व. प्रत्येक बहिणीने आईचं काहीतरी ठेवलं, काहीतरी बदललं. विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्यात हीच कल्पना मांडली होती, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका अशा मुळातून निघाल्या असाव्यात जे आता कदाचित अस्तित्वात नसेल. संस्कृतचा मान याने कमी होत नाही. तिच्यामुळेच तर हे मूळ शोधता आलं.

आता 'क'चा 'फ' कसा झाला, तो थोडा वळणाचा भाग. याकोब ग्रिम, होय, परीकथा गोळा करणाऱ्या भावांपैकी थोरला, याने १८२२ साली जर्मन भाषांतल्या व्यंजनबदलांचा नियम नीट मांडला. त्याचं सारं काम काही मुद्द्यांत सांगता येणार नाही, पण नमुना असा: संस्कृत 'पितृ', जर्मन 'फाटर'. म्हणजे 'प'चा 'फ'. लॅटिन 'केंटुम', जर्मन 'हुंडर्ट'. म्हणजे 'क'चा 'ह'. या नियमाने वॢक्वोसमधल्या 'क्व'चा 'ह्व' व्हायला हवा होता. पण झाला 'फ'. नियम मोडला?

आकडे मोजून बघा. चार: संस्कृत चत्वारः, लॅटिन 'क्वात्तुओर', जर्मन 'फिअर'. पाच: संस्कृत पञ्च, लॅटिन 'क्विंक्वे', जर्मन 'फ्युन्फ' (यातला शेवटचा 'फ' पाहा). इथेही मूळच्या 'क्व'च्या जागी 'फ' येतो. 'क्व' उच्चारताना ओठांचा चंबू होतो, आणि शब्दात जवळपास ओठांनी उच्चारायचं दुसरं व्यंजन असेल तर त्याच्या संगतीने 'क्व' पूर्णपणे ओठांवर सरकतो. अपवाद आहे, पण एकटादुकटा नाही. आणि लांडग्याच्या बाबतीत साक्षीदार त्याच्या घरातलाच आहे. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जर्मन कुळातल्या जुन्या भाषेत, लांडग्याला 'उल्फर' म्हणत, पण लांडगिणीला 'युल्गर'. मादीच्या शब्दात मूळचं कंठ्य व्यंजन 'ग' होऊन टिकलं.

ही युल्गर थेट वेदातल्या 'वृकीः'ची बहीण आहे. हो, विसर्गासकट. शाळेत 'नदी'ला विसर्ग नाही पण 'लक्ष्मीः'ला आहे म्हणून आपण वैतागत होतो. वेदातली वृकीः त्या विसर्गवाल्या गटातली, आणि युल्गरच्या शेवटचा 'र' हा त्याच मूळ 'स'चा वंशज आहे. वृकीः म्हणजे काही कोशात पडून राहिलेला शब्द नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात (१.११६.१६) ऋज्राश्वाची कथा येते: त्याने एका लांडगिणीसाठी १०० मेंढे कापले, संतापलेल्या बापाने त्याला आंधळं केलं, आणि अश्विनीकुमारांनी त्याला डोळे परत दिले. मेंढपाळाच्या घरातला मुलगा लांडगिणीला कळप खाऊ घालतो, हे बापाला किती झोंबलं असेल!

वेर आणि वोल्फ वेगवेगळे कळले. आता ते जोडले की काय होतं? इथे मराठी वाचकाला जर्मन वाचकापेक्षा एक गोष्ट सोपी जाते, कारण समासाचा विग्रह आपण परीक्षेसाठी केलेला असतो. जर्मन समासाची घडण बरीचशी संस्कृतसारखी आहे: मुख्य पद शेवटी, विशेषण-स्वरूपाचं आधी. वेरवोल्फ हा 'नरसिंह'च्याच साच्यातला: नर असा सिंह, पुरुष असा लांडगा. ग्रीकांनी मात्र उलटं जोडलं: 'ल्युकान्थ्रोपोस', लांडगा असा माणूस. दोघांचा प्राणी एकच, पण जर्मन शब्दाचा मुक्काम लांडग्यावर, ग्रीकाचा माणसावर.

अडचण अशी, की समास नातं सांगत नाही, नुसतं जोडतो. 'पुरुष असा लांडगा' हा कर्मधारय झाला. पण 'पुरुषांना खाणारा लांडगा' असा विग्रह केला तर? मग कसली जादू नाही, नुसतं नरभक्षक जनावर. आणि हा अर्थ खरोखर चालायचा. १५०८ साली श्ट्रासबुर्गमध्ये गायलर फॉन कायझर्सबेर्ग या धर्मोपदेशकाने प्रवचनांत वेरवोल्फचा विषय घेतला, तेव्हा त्याने बव्हंशी माणसं नि पोरं खाणाऱ्या लांडग्यांबद्दलच सांगितलं, आणि ते असे का वागतात याची सात कारणं दिली: भूक, रानटीपणा, म्हातारपण वगैरे. सैतान आणि देव ही कारणं यादीच्या शेवटी.

लिखित नोंदींत हा शब्द पहिल्यांदा दिसतो तो मात्र जादूच्याच संदर्भात, आणि तोही टिंगलीने. ११व्या शतकाच्या सुरुवातीला वोर्म्सचा बिशप बुर्खार्ड याने चर्चच्या नियमांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. पापाची कबुली द्यायला आलेल्याला पाद्र्याने काय काय विचारावं, याची त्यात लांब प्रश्नावली आहे. त्यातला एक प्रश्न: जन्माच्या वेळी दैवाच्या देवता माणसाला हवं तेव्हा लांडगा होण्याचं वरदान देतात, ज्याला अडाणी लोक 'वेरुवोल्फ' म्हणतात, यावर तू विश्वास ठेवलास का? ठेवला असशील तर १० दिवस पाव-पाण्यावर राहा. गंमत म्हणजे शिक्षा लांडगा होण्याला नाही, लांडगा होता येतं असं मानण्याला आहे. देवाखेरीज कुणी रूप बदलू शकत नाही, ही त्या काळची चर्चची भूमिका. पुढे पावणेसहाशे वर्षांनी काळ किती बिघडला ते बघा: १५८९ साली कोलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये पेटर श्टुम्प नावाच्या माणसाला सैतानाने दिलेला पट्टा बांधून लांडगा होतो या आरोपावरून, छळाच्या धाकाने कबुली घेऊन, हालहाल करून मारलं. बुर्खार्डने त्या न्यायाधीशांनाच पाव-पाण्यावर बसवलं असतं.

बुर्खार्डच्याच पिढीत, १०२०च्या आसपास, इंग्लंडमध्ये राजा क्नूटचे कायदे लिहिले गेले. त्यातही 'वेरेवुल्फ' येतो, पण तिथे तो सैतान आहे, आणि बिशप हे मेंढपाळ, ज्यांनी कळप राखायचा. हा मजकूर लिहिणारा यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टान. त्याच्या स्वतःच्या नावात लांडगा होता आणि तो आपल्या प्रवचनांवर 'लुपुस' अशी सही करायचा! त्या समाजात लांडगा नुसता खलनायक नव्हता. वोल्फगांग, रुडोल्फ, आडोल्फ या सगळ्या नावांत तो आहे. आडोल्फ म्हणजे उदात्त लांडगा.

मग १२१०च्या दशकात गर्वेझ ऑफ टिल्बरी या इंग्रज लेखकाने जर्मन सम्राट चौथ्या ओट्टोसाठी लिहिलेल्या ग्रंथात सरळ विग्रहच दिला: इंग्रज याला वेरेवुल्फ म्हणतात, कारण इंग्रजीत 'वेर' म्हणजे पुरुष आणि 'उल्फ' म्हणजे लांडगा. आठशे वर्षांपूर्वी कुणाला तरी हे बरोबर माहीत होतं. त्यानंतर विसर पडला आणि लोकव्युत्पत्तीचं, म्हणजे कानाला पटेल ती व्युत्पत्ती सांगण्याचं, पेव फुटलं.

त्याची कथा सांगायला फ्रान्सला जावं लागतं. फ्रँक लोकांनी आपला जर्मन शब्द तिकडे नेला. फ्रेंच जिभेवर सुरुवातीच्या जर्मन 'व'चा 'ग' होतो. हे आपल्याला दुकानात रोज ऐकू येतं: 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' हे मुळात एकच, पहिला उत्तर फ्रान्समधल्या बोलीतून इंग्रजीत आला, दुसऱ्यावर मध्य फ्रान्सचा 'ग' बसला. 'वॉर्डन' आणि 'गार्डियन' तसेच. या नियमाने वेरवोल्फचा 'गारवाल्फ', आणि शेवटी 'गारू' झाला. १२व्या शतकात मारी द फ्रान्स ही कवयित्री सांगते, की ज्याला ब्रेटन लोक 'बिस्क्लाव्रे' म्हणतात त्याला नॉर्मन लोक 'गारवाल्फ' म्हणतात. पुढे गारूमध्ये लांडगा आहे हे कुणाला ऐकू येईना, म्हणून पुढे फ्रेंच 'लू', म्हणजे लांडगा, जोडला: 'लू-गारू'. लांडगा-पुरुषलांडगा. हा आपला पिवळा पीतांबर झाला.

१४व्या शतकाच्या अखेरीस गास्ताँ फेबूस या फ्रेंच सरदाराने शिकारीवर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की गारू म्हणतात कारण अशा लांडग्यापासून 'गार्दे', म्हणजे सावध, राहायला हवं. काही वर्षांनी यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने त्या ग्रंथाचं इंग्रजी केलं. त्याच्यासमोर आता 'वेरेवुल्फ' शब्द होता, 'गार्दे' तिथे बसत नव्हता. त्याने काय केलं? लिहून टाकलं, की वेरेवुल्फ म्हणतात कारण त्याच्यापासून माणसाने 'वेअर', म्हणजे सावध, असावं. दोन भाषांत दोन वेगळे शब्द, पण खोटी व्युत्पत्ती दोन्हीकडे चपखल! आपल्याकडे गावांच्या नावांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्यांना हा ड्यूक आपलाच माणूस वाटेल.

इथे एका प्रामाणिक मतभेदाचीही नोंद करायला हवी. 'वेर' म्हणजे पुरुष, हे सगळ्यांना मान्य नव्हतं. काही अभ्यासकांनी तो 'नेसणे' या अर्थाच्या धातूशी जोडला, ज्यातून इंग्रजीतला नेसणे अर्थाचा 'वेअर' आणि आपलं 'वस्त्र' निघालं. मग वेरवोल्फ म्हणजे लांडग्याचं कातडं पांघरलेला. या मताला आधार नाही असं नाही. नॉर्स गाथांत 'उल्फहेदनार' नावाचे योद्धे येतात, लांडग्याची कातडी घालून लढणारे, आणि स्लाव्ह भाषांतल्या 'व्लकोद्लाक'मध्ये दुसरं पद बहुधा केस किंवा कातडं या अर्थाचं आहे. चित्र म्हणून ही कल्पना अधिक मोहक आहे, आणि म्हणूनच मला तिच्याबद्दल जरा संशय येतो. वेराल्ट आणि वेरगेल्ड यांत पुरुष अर्थाचा 'वेर' निःसंशय आहे, गर्वेझची साक्ष आहे, आणि जवळजवळ सगळे कोश आज पुरुषाच्याच बाजूने आहेत.

जर्मनमध्ये लोकव्युत्पत्तीने जे केलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जर्मनमध्ये 'वेरेन' असं एक क्रियापद आहे, प्रतिकार करणे या अर्थाचं. त्यातून 'वेर' म्हणजे संरक्षण. उच्चार वेरवोल्फमधल्या 'वेर'सारखाच, फक्त लिहिताना त्यात एक मूक 'ह' येतो. १९१० साली हेर्मान ल्यॉन्स या लेखकाची कादंबरी निघाली, तीस वर्षांच्या युद्धात ल्युनेबुर्गच्या माळरानावरचे शेतकरी लुटारूंना कसे तोंड देतात याची. तिच्या नावात त्याने मुद्दाम तो 'ह' घातला. झालं, पुरुष-लांडग्याचा रक्षक-लांडगा झाला. १९२३ साली याच स्पेलिंगच्या नावाची एक उजवी लष्करी धाटणीची संघटना हाले शहरात उभी राहिली. आडोल्फ हिटलरला आपल्या नावातल्या लांडग्याचं कौतुक होतंच. युक्रेनमधल्या विनित्सियाजवळच्या त्याच्या मुख्यालयाला वेरवोल्फ हे नाव दिलं गेलं, आणि १९४४ साली दोस्त सैन्याच्या पिछाडीवर घातपात करण्यासाठी हिमलरने जी गुप्त संघटना काढली तिचंही नाव वेरवोल्फ. तिच्या नावावर सैनिकी यश फारसं नाही. २५ मार्च १९४५ रोजी तिच्या लोकांनी आखेन शहराचा महापौर फ्रान्झ ओपेनहोफ याला त्याच्या घरी मारलं, कारण अमेरिकनांनी नेमलेलं पद त्याने स्वीकारलं होतं. तो कायद्याने वागणारा, शस्त्र नसलेला जर्मन नागरिक होता.

इंग्रजीत 'वेअर'ला वेगळंच नशीब लाभलं. १९व्या शतकात मलायात राहिलेल्या इंग्रजांना तिथे वाघ होणाऱ्या माणसाच्या कथा ऐकायला मिळाल्या. त्यांनी लांडगा काढून त्या जागी वाघ बसवला: 'वेअरटायगर'. आता हीच क्लृप्ती सर्रास चालते, आणि काल्पनिक कथांचे इंग्रजी लेखक अस्वल, कोल्हा, मांजर, वाटेल त्याला 'वेअर' लावतात. त्यांच्या लेखी 'वेअर' म्हणजे रूप बदलणारा. बाईचं अस्वल झालं तरी 'वेअर'च, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.